मदत हवी आहे : वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांचं काय करता?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही नोकरी करतो, कोथरूडला राहतो. किराणा, दूध, पेट्रोल एक्सेलमध्ये नीट बसतं. घोळ होतो तो शाळेची फी, महापालिकेचा मिळकतकर, गाडीचा विमा आणि मग गणपती-दिवाळी आली की. ५०-३०-२० चा नियम (पगाराचे ५० टक्के गरजांना, ३० हौसेमौजेला, २० बचतीला) वाचला, पण गृहकर्जाचा हप्ताच पगाराचे ४० टक्के खातो. गरजांच्या पन्नासातल्या उरलेल्या दहात घर चालवणारा पुणेकर मला तरी भेटलेला नाही!

या खर्चांची बेरीज करून बारानं भागायचं, इथवर कळतं. पण ती रक्कम ठेवता कुठे? आरडी मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळतं, बचत खात्यातली यूपीआयनं कधी उडते कळत नाही. लिक्विड फंड (थोड्या काळासाठी पैसे ठेवायचा म्युच्युअल फंड) कोणी वापरतं का? आणि सासूबाईंच्या औषधांसारखा कमीजास्त होणारा खर्च कसा धरता?