मदत हवी आहे: लोक इन्स्टॉलेशनचा फोटो काढतात, पण बसत नाहीत

अनेक कलाकारांच्या एकत्र प्रदर्शनात (ग्रुप शो) माझं एक मांडणीचं काम, म्हणजे इन्स्टॉलेशन आहे, दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये टेबल, त्यावर प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्या. दोन अनोळखी माणसांनी बसायचं, एक चिठ्ठी उचलायची आणि बोलायचं, एवढंच. परफॉर्मन्स कलाकार मरिना अब्रामोविचने २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात जे काम केलं त्यात प्रेक्षकासमोर कलाकार स्वतः बसलेली होती, मला मात्र मध्ये कलाकार नकोच आहे, दोघंही प्रेक्षकच हवेत, माझ्यासाठी कामाचा जीवच तो आहे.

अडचण अशी की लोक येतात, फोटो काढतात, निघून जातात. जे बसतात ते सोबत आलेले मित्रच, अनोळखी जोडी दोन दिवसांत एकदाच बसली आणि ती मात्र अर्धा तास उठली नाही!

सूचनांचा बोर्ड लावून झाला, कोणी वाचत नाही. स्वयंसेवक उभा केला तर लोक अजूनच अवघडतात. खुर्च्या थोड्या तिरक्या केल्या, त्याने जरा फरक पडला. फोटोबंदी करता येत नाही, आयोजकांचा नियम आहे, आणि रेकॉर्डिंग मला करायचं नाही. अजून चार दिवस आहेत.

ज्यांनी असं सहभागाचं काम केलंय त्यांना विचारतोय, कोणी न सांगता पहिला माणूस एकटा येऊन बसावा आणि दुसऱ्याची वाट बघत थांबावा यासाठी मांडणीत नेमकं काय बदलू?