टॅरँटुलाच्या पिल्लाचे दोन पाय कातीत अडकलेत, ओढून काढू का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, काही सांगायचं राहिलं असेल तर विचारा.

माझ्याकडे कर्ली हेअर टॅरँटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याच्या एका जातीचं, पिल्लू आहे. (ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. आधी याला ब्रॅकिपेल्मा अल्बोपिलोसम म्हणायचे, त्यामुळे जुन्या माहितीत ते नाव दिसेल.) पाय पसरून जेमतेम अडीच सेंटीमीटर. माझ्याकडे आल्यापासून दोनदा कात टाकली. दोन्ही वेळा मी सकाळी उठेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. या वेळी मात्र गाडी अडली आहे.

काल संध्याकाळी सातच्या सुमारास ते पाठीवर आडवं झालं. खाली जाळ्याची पांढरी चटई आदल्या दिवशीच विणली होती. आठपर्यंत पाठीचं कवच झाकणासारखं उचकटलं, पोटावरची कात मागे सरकली आणि पाय एका लयीत बाहेर यायला लागले. थोडं ताणायचं, थांबायचं, पुन्हा ताणायचं. साडेनऊपर्यंत सहा पाय आणि तोंडाजवळचे दोन छोटे पाय सुटले. डावीकडचा तिसरा आणि चौथा अर्ध्यातच राहिले. रात्री कधीतरी ते आपणहून सुलटं झालं. आता सकाळचे साडेसात वाजलेत. चुरगळलेली कात त्या दोन पायांना लोंबतेय, ती ओढत ते दोन पावलं जातं आणि दमून थांबतं. बघवत नाही.

चूक माझीच आहे, तीही सांगते. तीन आठवडे त्याने खाणं सोडलं होतं, पोट फुगून चकचकीत झालं होतं, पोटावरचा केस झडलेला भाग काळा पडला होता. कात जवळ आली हे कळत होतं. त्याला त्रास नको म्हणून डबी उघडायचीच नाही असं ठरवलं आणि त्या नादात पाणीही घातलं नाही. काल पाहिलं तर डबीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तळापर्यंत कोरडं आणि आत पाणी ठेवायचं छोटं झाकण रिकामं.

डबीत जिवंत किडा नाही. चिमट्याने कात ओढून काढू का? की थांबू? थांबले तर किती वेळ?

प्रतिसाद:
चिमट्याने कात धरा आणि हळूच ओढा. माझ्या एका पिल्लाची अशीच निघाली होती. उशीर केलात तर कात वाळून घट्ट बसेल.

प्रतिसाद:
ताई, चिमटा बाजूला ठेवा. वरच्यांची एकदा निघाली असेल, पण आत्ता तुमच्या पिल्लाचं अंग मेणासारखं मऊ आहे. कात ओढायला जाल आणि पाय मध्येच फाटेल. तिथून रक्त वाहू लागलं तर एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. कोळ्याला पाय लांब करायला स्नायू पुरत नाहीत, अंगातल्या द्रवाच्या दाबाने तो पाय ताणतो. कात टाकतानाही तोच दाब कामाला येतो. अंगात पाणी कमी म्हणजे दाब कमी, आणि मग शेवटचे पाय असे अडकतात. लहान पिल्लाचं पाणी लवकर उडतं, मोठ्याचं तितकं नाही.

आधी डबीचा एक कोपरा नीट भिजवा, सगळी डबी नाही. झाकणात पाणी भरा. भोकं बंद करू नका, कोंदट हवेत बुरशी धरते. मग रंगाचा अगदी बारीक, कोरा ब्रश कोमट पाण्यात बुडवून फक्त अडकलेल्या जागी कात ओली करा. पोटाच्या खालच्या बाजूला पाणी लागू देऊ नका, श्वासाच्या फटी तिथे असतात. अर्धा तास थांबा, पुन्हा ओली करा. सुटायचं ते त्याच्या ताकदीने सुटेल.

आणि सुळे भिंगातून पाहिलेत का? मला पायांपेक्षा त्याची जास्त काळजी आहे. सुळ्यांची आणि तोंडाच्या आतली कात निघाली नसेल तर ते पुढे खाऊच शकत नाही.

मूळ लेखिका:
पाहिले. दोन्ही सुळे पांढरे, मोकळे आहेत, वर काही चिकटलेलं दिसत नाही. कोपरा भिजवला, ब्रशने दोनदा ओलं केलं. चौथा पाय किंचित सरकलाय असं वाटतं. तिसरा आहे तिथेच. तो गेला तर?

प्रतिसाद:
गेला तर जाऊ द्या. पाय पार अडकला की कोळी तो अंगालगतच्या सांध्यातून स्वतःच सोडतो, तिथली जखम लगेच मिटते. लहान वयात हे नुकसान भरून येतं. पुढच्या कातीला त्या जागी बारीकसा पाय दिसेल, त्यानंतरच्या एक-दोन कातींत जवळपास बाकीच्यांसारखा होईल. तुम्ही तोडायला जाऊ नका एवढंच. आणि एक, पाय अंगाखाली मुठीसारखे आवळले गेले तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण समजा, लगेच तोंडाजवळ पाण्याचा थेंब ठेवा. कात टाकताना पाठीवर पडलेला कोळी बघून लोक घाबरतात आणि सुलटा करायला जातात. खरी भीती या आवळलेल्या पायांची असते.

मूळ लेखिका:
दुपारी सव्वा वाजता चौथा पाय सुटला! मी समोरच बसले होते. तीन-चार वेळा ताणला आणि मोज्यातून निघावा तसा बाहेर आला. जरा वाकडा आहे, पण टेकवतोय. तिसरा संध्याकाळी त्याने सोडून दिला. ब्रश तिकडे नेलाही नव्हता, मागच्या पायांनी ढकललं आणि कातीसकट पाय मागे राहिला. जागेवर बारीक थेंब आला आणि तिथेच थांबला. मग ते सरळ झाकणाशी गेलं आणि तोंड पाण्यात टेकवून कितीतरी वेळ तसंच राहिलं.

खायला कधी देऊ?

प्रतिसाद:
सुळे पांढऱ्याचे तांबूस आणि मग काळे होतात. पूर्ण काळे होईपर्यंत काही टाकू नका, मऊ सुळे किड्यावर वाकतात. जिवंत क्रिकेट (रातकिडा) तर मुळीच नको, तोच उलटा याला कुरतडेल. काळे झाले की मारलेल्या मीलवर्मचा (खाद्याच्या अळीचा) तुकडा ठेवा. चोवीस तासांत खाल्ला नाही तर उचला.

मूळ लेखिका:
आठवा दिवस. सुळे परवा काळे झाले. काल रात्री मीलवर्मचा छोटा तुकडा ठेवला होता, आज सकाळी त्याची चोथ्याची गोळी झाकणात पडलेली मिळाली. सात पायांनी भिंतही चढतंय. मऊ ब्रश सुचवणाऱ्या दादांचे मनापासून आभार, मी चिमटा हातात घेतला होता.

आता एकच विचारायचंय. गेलेला पाय लवकर यावा म्हणून खाणं वाढवून पुढची कात लवकर आणणं बरं, की नेहमीच्याच वेळेने जाऊ द्यावं?

प्रतिसाद:
नेहमीच्याच वेळेने. आणि ते झाकण भरलेलं ठेवा, खात असो वा नसो.