मदत हवी आहे : कावी चित्रांच्या जतनासाठी घेतलेल्या मुलाखतींबाबत

नमस्कार. गोव्यातील देवळांमधील कावी भित्तिचित्रांच्या जतनाचा मी अभ्यास करत आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा भाग उघडा करण्याचे काम ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या हाताखाली पाहिले, अशा वयस्क गवंड्यांच्या कोकणीतील मुलाखती मी ध्वनिमुद्रित करत आहे. गिलाव्यात मिसळायच्या गुळाचे प्रमाण विचारल्यावर एका आजोबांनी नुसती ओंजळ करून दाखवली. ध्वनिमुद्रणात अर्थातच काही आले नाही, म्हणून आता चित्रीकरणही करतो.

खरी अडचण पुढची आहे. गिलाव्यात गूळ होता असे कारागीर ठामपणे सांगतात, प्रयोगशाळेच्या तपासणीत मात्र तो आढळत नाही. सेंद्रिय घटक काळाच्या ओघात विघटित होतात आणि जीर्णोद्धारात मिश्रणही बदललेले असू शकते, त्यामुळे आठवण चुकीची ठरवण्याची घाई मला योग्य वाटत नाही. अशी तफावत जतन-अहवालात कशी नोंदवावी? तसेच घराण्यात जपलेली मिश्रणाची प्रमाणे प्रसिद्ध करायची असल्यास संमतिपत्रात कोणती अट घालावी? कोणाकडे अशा संमतिपत्राचा मराठी किंवा कोकणी नमुना असल्यास कृपया कळवावे.