परीकथा, प्रेम आणि तिरकस जीभ : तुमचे अनुभव लिहा

राजपुत्र, शाप, राक्षस, जिवावर उदार होऊन केलेलं प्रेम; आणि हे सगळं सांगणारा लेखक मात्र मिशीत हसतोय. असली पुस्तकं आपण मोठेपणी पुन्हा पुन्हा का उघडतो? मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर पडून काय वाचलंत आणि त्यातलं काय मनात रुतलं, ते लिहा. समीक्षा नको.

सुरुवात मी करते. पीटर बीगलचं 'द लास्ट युनिकॉर्न', १९६८ सालचं. त्यातला राजपुत्र लीर आवडत्या मुलीसाठी ड्रॅगनचं मुंडकं कापून आणतो आणि तिला त्याचं काहीच नसतं. मग स्वारी स्वयंपाकघरात येऊन गाऱ्हाणं सांगते, एवढं केलं, आता आणखी काय करू? मला बघायला आलेली स्थळं आठवली. पॅकेजचा आकडा सांगून झाला की पुढे काय बोलायचं, ते बिचाऱ्यांना सुचायचं नाही. लेखक लीरची टर उडवतो, पण त्याला हलका ठरवत नाही. मला तिथेच हा लेखक आवडला.

महाल भागातून, वय पन्नाशीपुढे
तुम्ही लीर धरलात, मी मॉली. दरोडेखोरांच्या टोळीत रांधून रांधून विटलेली बाई. तिला युनिकॉर्न दिसते, परीकथेतली ती एकशिंगी घोडी, तर मॉली हात जोडत नाही, चक्क भांडते. मी कोवळी होते तेव्हा कुठे होतीस? आता येतेस, माझा असा अवतार झाल्यावर? वर टोमणाही मारते, की माझ्या वाट्याला येणार तीही जगातली शेवटची उरलेलीच! रात्री सगळ्यांची जेवणं आटोपून ओट्याशी उभ्याउभ्या वाचत होते. हसू फुटलं आणि लगेच रडू. नुसतं करुण लिहिलं असतं तर मी पान उलटून पुढे गेले असते.

धरमपेठेतून
विल्यम गोल्डमनचं 'द प्रिन्सेस ब्राइड', १९७३. लेखक म्हणतो, हे मॉर्गनस्टर्न नावाच्या कुणाचं जुनं जाडजूड पुस्तक, मी फक्त कंटाळवाणा भाग गाळला. अर्थात सगळी थाप. मॉर्गनस्टर्न त्यानंच रचलेला. नायक-नायिका पुन्हा भेटतात तो प्रसंग हवा असेल तर प्रकाशकाला पत्र लिहा, असंही आत सुचवलंय. लोकांनी खरंच लिहिलं. उत्तरात प्रसंग नाही, कोर्टकज्ज्यांचं रडगाणं आलं! आमचे मामा मूळ पुस्तक शोधत बर्डीवर जुन्या पुस्तकवाल्याकडे गेले. तो म्हणे, "नाव लिहून द्या ना भाऊ, पुढच्या हप्त्यात आणून देतो." मामा अजून त्याची वाट पाहून राहिले.

इतवारीहून
माझी पसंती जेम्स ब्रँच कॅबेलच्या 'जर्गेन'ला. १९१९ची कादंबरी, अश्लील म्हणून न्यूयॉर्कात खटला झाला, १९२२ मध्ये सुटली. नायक चाळिशीचा, गहाणवटीचा धंदा करणारा. त्याला तरुणपण परत मिळतं, राण्या-अप्सरा भेटतात, आणि शेवटी पठ्ठ्या आपली तोंडाळ बायकोच परत मागतो. आमच्या दुकानात जुना दागिना मोडीत द्यायला येणारा माणूसही तो दोनदा हातात घेतो. मला जर्गेनचा हिशेब पटला.

मनीषनगरहून
मी वेगळं बोलतो, चिडू नका. मला ही थट्टा भित्री वाटते. प्रेम आहे तर सरळ सांगा ना, आधीच हसून का घ्यायचं?

महालातून, पुन्हा
भित्री असेलही. सरळ सांगणारे फार ऐकले हो आम्ही. लग्नाआधी आमचे हेही सरळच सांगायचे.

मनीषनगरहून
काकू, हरलो. 'द लास्ट युनिकॉर्न' कोणाकडे आहे? मेट्रोनं बर्डीला येऊन घेऊन जाईन. पानं सुटलेली असली तरी चालेल, परत मात्र पावसाळ्यातच मिळेल.