चक्कर आली की मानेचाच एक्स-रे का?

शहापूरकर
आई, वय ६८. पंधरवड्यापूर्वी पहाटे कूस बदलताना अख्खं घर फिरलं म्हणाली. एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे, ‘मणक्यात गॅप’, गळ्याला पट्टा, महिन्याच्या गोळ्या. फरक शून्य. मग एका फिजिओबाईंकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, ‘आजी, गरगरतं, तोल जातो, का डोळ्यांपुढं अंधारी येते?’ तीनही वेगळी दुखणी असतात, हे मला तेव्हा कळलं. मग कॉटवर बसवून मान ४५ अंश उजवीकडे वळवली आणि झटक्यात आडवं केलं, डोकं कडेखाली जरासं लोंबतं ठेवून. चार-पाच सेकंद काही नाही. मग आईचे डोळे गोल फिरत वरच्या बाजूला थडथडायला लागले आणि अर्ध्या मिनिटात थांबले. याला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. कानातले चुन्याचे बारीक खडे सुटून मागच्या नळीत गेलेत, म्हणाल्या. तिथल्या तिथे खडे परत जागेवर आणायची एप्लीची क्रिया केली, आई दुसऱ्या दिवशी पाणी भरायला उभी.

माझं म्हणणं एवढंच : गोळी लिहिण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे. साठीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज दिसणारच. केसही पांढरे दिसतात, त्यानं चक्कर येते का?

गावडॉक्टर (खानापूर तालुका)
आजी बऱ्या झाल्या, आनंद आहे. पण ‘झालीच पाहिजे’ म्हणणं सोपं. बाजारादिवशी माझ्या दारात साठ माणसं असतात, शेवटची बस चुकू नये म्हणून सगळ्यांना घाई. प्रत्येक चक्करीला अर्धा तास कुठनं आणू? शिवाय मेंदूच्या मागच्या भागातला झटकाही चक्कर म्हणूनच येतो. जीभ जड, एकाची दोन माणसं दिसतात, आधाराशिवाय उभंच राहवत नाही, अशा पेशंटला मान वळवत बसायचं नसतं, गाडीत घालायचं असतं. लोकांनी हा धागा वाचून घरीच प्रयोग केले तर?

टिळकवाडी फिजिओ
डॉक्टर, त्या खुणा दिसल्या तर आम्हीही हात लावत नाही. पण अर्धा तास कोण मागतंय? डिक्स-हॉलपाइकला दोन-तीन मिनिटं लागतात. बीपीचं मशीन तर तुमच्या टेबलावरच आहे. आडवं असताना मोजा, उभं केल्यावर ३ मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर अंधारीचं कारण मिळालं. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून परत बसायला म्हाताऱ्या माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तो पडणाऱ्यातला समजायचा.

आणि त्या गोळ्या. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन महिनोन्महिने चालू ठेवल्या की काहींचे हात कापायला लागतात, पाय घासत चालतात, चेहरा दगडासारखा होतो. मग ‘कंपवात झाला’ म्हणून आमच्याकडे येतात. त्यांच्या पिशवीतली पाकिटं मी आधी बाहेर काढायला लावते.

निपाणीची लेक
मला फिजिओताईंशी भांडायचंय. माझ्या वडिलांना खराच पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे. तोल मोजायच्या बर्ग स्केलवर ५६ पैकी ४८ आले, ‘छान आहे’ म्हणून घरी पाठवलं. त्याच आठवड्यात न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटले आणि आपटले. दवाखान्यात जमिनीवर रंगीत आडव्या पट्ट्या मारलेल्या होत्या. पार्किन्सनच्या माणसाला पट्टी दिसली की पाय आपोआप उचलतो. घरात पट्ट्या कोण मारणार? मग ४८ हा आकडा कुणाचा, बाबांचा की फरशीचा?

दुसरं. ‘चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करा’ हे तिथल्या तपासणाऱ्या मुलीनं कन्नडमधून सांगितलं. बाबा कन्नड बोलतात, पण हिशेब जन्मभर मराठीत केला. ते थबकले. लिहिलं काय, तर ‘लक्ष दुभंगलं की चाल बिघडते.’

टिळकवाडी फिजिओ
पट्ट्यांचं खरं आहे. बर्गमध्ये तर चालणं तपासतच नाहीत, तेवढ्यावर पार्किन्सनच्या माणसाला घरी पाठवायला नको होतं. मी दोन खुर्च्यांच्या फटीतून जायला लावते, जागच्या जागी गोल वळायला लावते. पाय चिकटायचे तर तिथेच चिकटतात. भाषेचं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. उद्यापासून ‘आकडे कुठल्या भाषेत मोजता?’ हे आधी विचारीन.

येळ्ळूरचा
काय सेकंद मोजूलालाय! आमचा म्हातारा दिवसा भाताच्या बांधावरनं सरळ जातोय आणि रात्री परसाकडं जाताना पडतोय. ते कुठल्या खुर्चीत कळणार?

टिळकवाडी फिजिओ
खुर्चीत नाही, डोळे मिटून उभं केल्यावर कळेल. साखर आहे का त्यांना? तळव्याची जाण गेली की माणूस डोळ्यांनी तोल धरतो. तोवर रात्रभर दिवा चालू ठेवा.

गावडॉक्टर
बरं, उभ्याचं बीपी उद्यापासून घेतो. एप्ली मात्र मी करणार नाही. पेशंट ओकला तर मागच्या रांगेनं काय करायचं?

शहापूरकर
ओकली होती की आई. बाईंनी बादली आधीच ठेवलेली. गळ्याचा पट्टा मात्र अजून काढत नाही, पैसे मोजलेत म्हणते.