सवाई माधवरावांच्या काळातला पांढरा जामा: चित्रावरून घेर कसा काढायचा?

मांजरपाट:
१७९० च्या सुमाराचा दरबारी पांढरा जामा (लांब, घेरदार अंगरखा) पूर्ण हातशिलाईने करायचा आहे. नाटकासाठी नाही. तो पुतळ्यावर, काचेच्या कपाटात राहणार, म्हणजे लोक नाक लावून बघणार. पुतळ्याची मापं: छाती ३८, छातीखालचा घेर ३५, उंची ५ फूट ७ इंच. आधाराला दोन चित्रं आहेत. एक जेम्स वेल्स या चित्रकाराचं १७९२ चं, पेशवे आणि नाना फडणवीस यांचं (लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतलं). दुसरं टेट संग्रहातलं, इंग्रज वकील मॅलेट आणि पेशवे यांच्यातल्या तहाच्या दरबाराचं.

शिंपी म्हणतात छत्रीकट करू, आठ कळ्या (घेराचे वर अरुंद, खाली रुंद तुकडे) पुरे. ते पटत नाही, पण किती कळ्या धरायच्या हे चित्रातून निघत नाही. पांढऱ्यावर पांढऱ्या रेघा आहेत. त्यातली चुणी कुठली, शिवण कुठली? बंद (बांधायच्या नाड्या) डावीकडे की उजवीकडे? साधी मलमल घ्यावी की चंदेरी? आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या चुण्या शिवलेल्या असतात का?

चित्रगुप्त:
आधी चित्रांबद्दल, कारण ही दोन्ही एका तोलाची नाहीत. तह १७९० चा. वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, म्हणजे तो दरबार त्याने पाहिलेलाच नाही. पुण्यात त्याने माणसं समोर बसवून रेखाटली. १७९५ मध्ये तो वारला आणि त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये इंग्लंडात ते मोठं तैलचित्र पुरं केलं. तेव्हा टेटचं चित्र एकंदर थाटासाठी वापरा: कोण कशावर बसलंय, शेले कसे घेतलेत, पांढऱ्याला रंगाची जोड किती. शिवणी, बंद, गळ्याची कड यासाठी ते बाजूला ठेवा. १७९२ चं चित्र समोर बघून काढलेलं आहे, ते जास्त भरवशाचं.

पण मुख्य आकृत्या बसलेल्या आहेत. बसलेल्या माणसाचा घेर मोजता येत नाही, कापड मांडीभोवती साचतं आणि चित्रकार ते सोयीने मांडतो. घेरासाठी उभी आकृतीच हवी. येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये वेल्स, रॉबर्ट मेबन आणि पुण्याचा गंगाराम तांबट यांची रेखाटनं आहेत, ती चाळा. कच्च्या रेखाटनात सजावट कमी आणि निरीक्षण जास्त असतं.

चुणी आणि शिवण ओळखायची युक्ती अशी. अस्तर नसलेल्या तलम कापडात शिवणीपाशी तीन-चार पदर एकावर एक येतात, त्यामुळे ती रेघ आसपासच्या कापडापेक्षा घट्ट पांढरी दिसते. ती कंबरेपासून काठापर्यंत न तुटता जाते आणि दोन रेघांतलं अंतर खाली सारखं वाढत जातं. चुणी मध्येच संपते किंवा दुसरीत मिसळते. लघुचित्रांत हे फार स्वच्छ दिसतं, युरोपीय तैलचित्रात कमी. आतल्या सुरवारीचा रंग घेरातून दिसत असेल तर जामा एकपदरी आहे हे नक्की धरा.

बंदांबद्दल: मुघल काळापासूनचा चित्रांतला संकेत असा की हिंदू डाव्या बगलेखाली बांधतात आणि मुसलमान उजव्या. तुमच्या कामात डावी, म्हणजे अंगावरचा उजवा भाग वर येतो. पण हे एखाद्या छापील चित्रावरून पडताळू नका. ताम्रपटावर कोरून छापलेलं चित्र पुष्कळदा आरशासारखं उलटं येतं, आणि आंतरजालावर तर कोणीही चित्र पलटवतं. आधी तलवार कुठल्या कमरेला आहे ते बघा. सगळ्यांच्याच तलवारी उजव्या कमरेला दिसल्या तर चित्र उलटं आहे.

आणखी एक. शिवकालीन चित्रांतला जामा इथे उपयोगाचा नाही. त्यात कंबर जागेवर असते आणि घेर पोटरीच्या आसपास थांबतो. शंभर वर्षांनी कंबरेची शिवण छातीखाली सरकली आणि घेर घोट्यापर्यंत उतरला. दोन्ही मिसळून शिवलेले जामे सर्रास दिसतात. आणि १८९४ नंतरचे रविवर्मा छापखान्याचे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी छापील रंगीत चित्रं) १८व्या शतकाचा पुरावा म्हणून कोणी पुढे केले तर हात जोडावेत.

कळीदार:
छत्रीकट नको. तो गोल बेतावा लागतो, त्याला मोठ्या पन्ह्याचं कापड लागतं आणि चिंध्या फार पडतात. जुना बेत मागाच्या पन्ह्यावर (कापडाच्या रुंदीवर) चालतो, वाया जवळजवळ काही जात नाही. हिशेब असा.

पाठ १८ इंच, पुढचे दोन्ही भाग १८-१८. जाम्यात पुढचे भाग एकमेकांवर पूर्ण येतात, अर्धवट नाही, म्हणून कंबरेची शिवण एकूण ५४ इंच. अंगाभोवती त्यातले ३६ जातात, म्हणजे ३५ वर एक इंच सैल. ही ५४ ची गोष्ट शिंप्याला आधी समजावून सांगा, कारण तो ३६ वर हिशेब करतो, वरच्या पदराला घेरच उरत नाही आणि मग जामा फ्रॉकसारखा दिसतो.

कळीसाठी १८ इंच रुंद आणि ४५ इंच लांब तुकडा घ्या (तयार घेर ४३, उरलेले दोन इंच शिवण आणि काठ). वरच्या कडेवर डावीकडून २¾ इंचावर खूण, खालच्या कडेवर उजवीकडून २¾ वर खूण, आणि दोन्ही खुणा तिरप्या रेघेने जोडून कापा. एका तुकड्यातून उलटसुलट दोन कळ्या निघतात, प्रत्येक वर २¾ आणि खाली १५¼. दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत गेला की तयार कळी वर २¼, खाली १४¾. अशा २४ कळ्या म्हणजे वर बरोबर ५४ आणि खाली ३५४ इंच, जवळपास ९ मीटर. ३६ पन्ह्यात शेजारी शेजारी दोन तुकडे बसतात, म्हणून ४५ इंचांच्या सहा लांब्या: सात मीटर. अंग, बाह्या, चौबगले (बगलेतले चौकोनी तुकडे) आणि बंद यांना अडीच मीटर. एकूण १० मीटर घ्या आणि बेतण्याआधी धुऊन आटवून घ्या.

प्रत्येक कळीला एक कड उभ्या धाग्यातली आणि एक तिरपी असते. जोडताना सरळ कड नेहमी शेजारच्या तिरप्या कडेला. सरळ धागा तिरप्याला धरून ठेवतो. चुकून दोन तिरप्या एकत्र आल्या तर ती शिवण ताणत जाते.

खांद्याला उतार देऊ नका आणि मुंढा (बाही लावायची गोलाई) कोरू नका. बाही सरळ रेषेतच अंगाला लागते, हात हलायला जागा देतो तो बगलेतला चौबगला, ४ इंचांचा चौकोन, तिरका बसवलेला. छातीपाशी लागणारा जास्तीचा फुगाही त्यातूनच मिळतो. हल्लीच्या सदऱ्याचा मुंढा कोरून वर चौबगला बसवला तर बगलेत गोळा होतो.

बाहीच्या चुण्या शिवलेल्या नसतात. हात २४ इंच असेल तर बाही ३४ ते ३६ लांब ठेवतात आणि वर सारतात. चुण्या टिकतात त्या मनगट घट्ट असल्यामुळे. पण मनगट ९ इंचांच्या आत गेलं तर मूठ जात नाही, मग आतल्या बाजूला ३ इंच चीर ठेवून बंद लावा.

शिवण: आधी धावदोरा, मग एक कड निम्मी छाटून दुसरी तिच्यावर दुमडून तुरपाई. इंचाला १० ते १२ टाके. २३ शिवणी आणि प्रत्येक ४३ इंच, म्हणजे नुसत्या घेराची शिवण २५ मीटर आणि तुरपाई धरून ५०. घाईत असाल तर आत्ताच मागे फिरा :)

बंदकसे:
वरच्या दोघांच्या सांगण्यात एक दुवा राहिला, प्रत्यक्ष टिकलेला कपडा. चित्र बाहेरचा आकार दाखवतं, आतून काय केलंय ते कपडाच सांगतो. १७व्या शतकातले भारतीय शिवलेले कपडे अगदी थोडे उरलेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जहांगीरकालीन म्हणून ओळखला जाणारा पांढऱ्या सॅटिनचा, साखळी टाक्याच्या भरतकामाचा बिनबाह्यांचा शिकारी कोट आहे, तसे अपवाद. हवा, कसर आणि वाळवी हे एक कारण. दुसरं घरातलंच: जुनं जरीचं वस्त्र जाळून चांदी काढून घ्यायची पद्धत. साधा पांढरा जामा तर फाटला की पोतेरं होतो. म्हणून १८व्या शतकाच्या शेवटचे आणि १९व्या शतकातले नमुनेच प्रामुख्याने हाती लागतात.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, अहमदाबादेत कॅलिको म्युझियम. काचेबाहेरून बघायचं असेल तर पुढील गोष्टी टिपा: किनार (म्हणजे मागावरची कड) कुठे कुठे आली आहे, कारण तिच्यावरून पन्हा कळतो, कळीची कुठली कड तिरपी, बंदाच्या मागे ठिगळ आहे का, रेघांचं कापड असेल तर बाहीवर रेघा मळसूत्रासारख्या फिरतात का. फिरत असतील तर बाही तिरपी बेतलेली आहे. अस्तर बघून काळ ठरवू नका, ते बदललेलं असतं. आणि शिलाई मशीनची असेल तर तो भाग १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतर दुरुस्त केलेला.

बंदाचं ठिगळ विसरू नका. मलमलीवर बंद नुसता शिवला तर दोन-चार वेळा बांधल्यावर कापड बंदासकट उचकटतं. आतून दीड इंचाचा दुहेरी चौकोन ठेवून त्यावर शिवा. बंद उभ्या धाग्यातला, सव्वा इंच पट्टी चौपदरी, लांबी ९-१० इंच. वरच्या पदराचा बंद डाव्या बगलेखाली दिसतो, पण खालच्या पदराचा आतून उजव्या बगलेला हवा. तो लावला नाही तर आतला भाग लोंबून काठाखाली डोकावतो.

लेखी आधार हवा असेल तर पेशवे दफ्तरातल्या वस्त्रांच्या याद्या वाचा. त्यात ‘सनगे’ हा शब्द सारखा येतो. सनग म्हणजे अखंड कापड, शिवलेला कपडा नव्हे. एवढं न कळल्यामुळे ‘पेशव्यांकडे इतके अंगरखे होते’ असे हिशेब मांडले जातात.

रंगारी:
कापड: चंदेरी नको. तिच्या ताण्यातल्या रेशमाचा डिंक काढलेला नसतो, म्हणून ती कडक आणि चमकदार राहते, घेर फुगून उभा राहतो. मलमलच घ्या, ८० ते १०० काउंटची (काउंट जितका जास्त तितकं सूत बारीक), हातमागाची. जुन्या ढाक्याच्या मलमलीचं सूत याच्या कितीतरी पट बारीक होतं, ती पारदर्शकता येणार नाही हे मान्य करून पुढे जा. दुकानातली मलमल निळसर पांढरी असते, ती नीळ आणि चकाकीच्या रसायनामुळे. कपाटातल्या दिव्यांत ती ट्यूबलाइटसारखी दिसते. बिनधुवट मलमल घेऊन घरी साबण आणि धुण्याच्या सोड्यात उकळा, उन्हात दोन-तीनदा वाळवा.

चित्रातला कडकपणा खळीचा असतो. आत जाळी किंवा कॅनव्हास घालू नका. लिटरभर पाण्याला १० ते १५ ग्रॅम तांदळाची पिठी, शिजवून फडक्यातून गाळून, कोमट असताना. गाळली नाही तर पांढरे ठिपके राहतात. कपाटात बंद राहणाऱ्या कपड्याला मात्र खळ जपून, झुरळं आणि कसर तिच्यावरच येतात. पुतळ्याला फक्त बाह्यांपुरती लावा.

सोबत शेला रंगवणार असाल तर जांभळा किंवा झगझगीत गुलाबी बाजारी रंग नको, कृत्रिम रंग १८५६ नंतरचे. गुलाबी हवा असेल तर करडईच्या फुलांचा कुसुंबा. फुलं थंड पाण्यात पिवळा निघून जाईपर्यंत चोळून धुवायची, मग पापडखाराच्या पाण्यात लाल उतरवायचा, कापड घालून लिंबाने आंबट करायचं. सगळं थंडच, तापवलं की रंग मेला. आणि हा उन्हाने उडतो. त्यामुळे संग्रहालयातलं फिकट बदामी वस्त्र मुळात गुलाबी असू शकतं, शिवणीच्या आत दुमडलेला भाग बघायला मिळाला तर कळतं.

मांजरपाट:
सगळ्यांचे आभार. मांजरपाटाचा एक नमुना २४ कळ्यांवर जोडून टांगलाय. काठ एकसारखा नाही, काही शिवणींपाशी दोन-दोन इंच खाली लोंबतोय, काही ठिकाणी ठीक. कळ्या तर सगळ्या सारख्याच कापल्या आहेत.

कळीदार:
लोंबणाऱ्या शिवणी बघा, दोन्ही बाजूंना तिरपी कड असणार. कळी उलटी-सुलटी झाली की असं होतं, मलमलीला उलट-सुलट कळतही नाही. कापतानाच प्रत्येक कळीच्या सरळ कडेला वरून एक इंचावर रंगीत दोऱ्याचा टाका घाला. सगळे टाके एकाच हाताला आले पाहिजेत. त्या शिवणी उसवून कळी फिरवा.

तरीही थोडं लोंबणारच. कंबरेची शिवण झाली की काठ न दुमडता जामा पुतळ्यावर दोन दिवस टांगून ठेवा, मग जमिनीपासून पट्टीने खुणा करून छाटा आणि काठ पाव इंचाचाच दुमडा. रुंद काठ तिरप्या कापडावर सपाट बसत नाही, वळकट्या पडतात.

बंदकसे:
आणि पुतळ्याचे हात सुटे होतात का ते आधी बघा. होत नसतील तर ९ इंचांच्या मनगटातून बोटं पसरलेला हात जाणार नाही, कितीही ओढा. अशा वेळी बाही मनगटाकडून ६ इंच उघडी ठेवून पुतळ्यावर चढवल्यावर कच्च्या टाक्याने बंद करावी. वरच्या चुण्यांत ते टाके दिसत नाहीत.