मदत हवी आहे: अल्जिनेट-जिलेटिनचं हायड्रोजेल रात्रीत विरघळतंय

अर्धवट_संशोधक
पेशी वाढवायला हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, करायचंय. सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातलं) २ टक्के, जिलेटिन ५ टक्के. साच्यात ओतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवलं की मस्त घट्ट चकत्या होतात. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांना ठेवल्या की सकाळी तळाला नुसतं चिकट पाणी. पेपरांमध्ये हेच जेल आरामात टिकतं. सोमवारी गाईडसमोर दाखवायचंय. 'पेपर वाचा' सांगू नका, वाचलेत.

बीकर_भाऊ
कॅल्शियम किती, किती वेळ? पेशी घातल्यात का? धुतलं कशात, ठेवलं कशात?

अर्धवट_संशोधक
१०० मिलिमोलर, १० मिनिटं. पेशी नाहीत, आधी जेल तर राहू दे. धुतलं पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं द्रावण), ठेवलंही त्यातच. सगळे तेच वापरतात ना?

रसायनी
तिथेच मेख आहे. अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियमने धरून ठेवलेल्या असतात. पीबीएसमधला फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेतो आणि सोडियम त्याची जागा बळकावतो. वर जिलेटिन ३७ अंशांना तसंही वितळतं. तुमच्या जेलमध्ये ते नुसतं अडकलंय, बांधलेलं नाही. धुवायला सलाइनमध्ये ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला आणि ठेवा डीएमईएममध्ये (पेशी वाढवायचं पोषक द्रावण), त्यात १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतंच.

जेनिपिनवाला
एवढी यातायात कशाला? जेनिपिन घाला, ते साखळ्या एकमेकींना बांधतं, विषय संपला. गार्डेनियाच्या फळातून निघतं, बांधायच्याच दुसऱ्या रसायनापेक्षा, ग्लुटराल्डिहाइडपेक्षा, पेशींना कितीतरी सौम्य. जेल निळं पडतं तेवढंच.

रसायनी
विषय कसा संपेल? जेनिपिन अमाइनला (नायट्रोजन असलेल्या गटाला) धरतं. अल्जिनेटवर अमाइन आहे कुठे? फक्त जिलेटिन बांधलं जाईल, अल्जिनेट पीबीएसमध्ये निघून जाणार ते जाणारच. दोन्ही एकमेकांना जोडायचे तर ईडीसी-एनएचएस ही जोडणारी रसायनं.

जेनिपिनवाला
जिलेटिनचं जाळं उभं राहिलं की चकती राहते, आमच्याकडे राहिली आहे. ईडीसी करून बघा म्हणावं, पीएच जरा हुकला की पैसे पाण्यात.

बीकर_भाऊ
जेनिपिनची किंमत पण सांगा की त्यांना. आणि निळ्या जेलमध्ये पेशींची चमक (फ्लुरोसन्स) बघताना काय हाल होतात तेही.

कोकणकन्या
चायना ग्रास वापरून बघा. आमच्याकडे खरवस नाही मिळाला की त्याच्या वड्या करतात, उन्हाळ्यातसुद्धा वितळत नाहीत. तेही समुद्री शेवाळाचंच ना?

रसायनी
ते लाल शेवाळाचं, अल्जिनेट तपकिरी शेवाळाचं. मालवणच्या खडकांवर सरगॅसम दिसतं ना, त्यातलं. चायना ग्रास ३७ अंशांना टिकेल, पण त्यावर पेशी चिकटत नाहीत. अल्जिनेटवरही नाहीत. जिलेटिन घालतात ते त्यासाठीच.

सुधाकाका
जेलचा विषय आहे म्हणून विचारतो. सौ.च्या गुडघ्याची गादी झिजली आहे. हे बाजारात आलंय का? कुठे मिळेल?

बीकर_भाऊ
काका, हे अजून प्रयोगशाळेतल्या डबीत विरघळतंय. गुडघ्यात देतात ती हायलुरॉनिक आम्लाची इंजेक्शनं वेगळी. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा.

शुद्ध_शाकाहारी
जिलेटिन हाडा-कातड्यांचं असतं हे किती जणांना माहीत आहे? औषधाच्या कॅप्सूलमध्येसुद्धा!

जेनिपिनवाला
खरं तर ते मिथॅक्रिलेट केलेलं जिलेटिन घ्या आणि प्रकाशाने पक्कं करा. कॅल्शियमची कटकटच नको.

रसायनी
मघाशी जेनिपिन घातलं की विषय संपत होता.

अर्धवट_संशोधक
कॅल्शियमच्या सलाइनने धुऊन डीएमईएममध्ये ठेवलं. चकती आहे! पण फुगलीये आणि चिमट्याने उचलली की तुटते. आता?

रसायनी
जिलेटिन निघून गेलं असणार. बाहेरच्या द्रावात प्रथिनं किती उतरली ते मोजा. अल्जिनेट निर्जंतुक कसं केलंत?

अर्धवट_संशोधक
ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत. दुसरं काय करणार?

बीकर_भाऊ
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना राव! त्या उष्णतेत अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, मग जेल लेचंपेचंच होणार. पातळ द्राव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि फ्रीझ-ड्राय (गोठवून कोरडं) करून पुन्हा हव्या त्या टक्क्याला विरघळवा. २ टक्क्यांचं थेट गाळायला जाल तर फिल्टर तुंबेल आणि अंगठाही दुखेल.

सुधाकाका
इंजेक्शन साधारण कितीला पडतं?